बंगळूरचा लंबक

१९९६ सालच्या जून महिन्यात माझी भाची मनीषा बंगळूरच्या एका खगोलशास्त्र संस्थेत पीएच.डी.च्या प्रवेशासाठी परीक्षेला आणि मुलाखतीला बसली. तिची निवड झाली नाही. मी तिच्या सोबतीला गेलो होतो. आम्ही तिथे पाच दिवस राहिलो.

मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. दरवर्षी निकालांच्या सुमारास आमची करिअर पुरवणी निघते. तिच्यात वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि संगणक यांना एकेक पान असते. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र मिळून शेवटच्या पानावर एक चौकट असते. मी रजा मागितली तेव्हा संपादक म्हणाले, "जातोच आहेस तर त्यात स्कोप काय आहे ते विचारून ये. लोक तेवढंच विचारतात."

मनीषाने नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी.ची परीक्षा दिली होती. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला मार्चमध्येच निवडले होते. एक जुलैला हजर व्हायचे होते. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मुख्य केमिस्ट आहेत. घरात ठरले होते ते असे : बंगळूरला निवड झाली तर बंगळूर, नाही झाली तर पुणे. दोघांनाही हे मान्य होते. तिसरी शक्यता कोणी धरलेली नव्हती.

कॉटनपेट, सोमवार

उतरण्याची सोय आमच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने केली होती. त्याच्या बहिणीचे सासर बंगळूरचे. हे घराणे शिंप्यांचे, चार पिढ्यांपूर्वी सोलापूरकडून गेलेले. कॉटनपेटेत खाली दुकान, वर घर. जून महिना, शाळा उघडलेल्या, त्यामुळे खालच्या आठही मशीन एकदम चालू होत्या आणि जिन्यात निळ्या कापडाच्या गठ्ठ्यांतून वाट काढत वर जावे लागले.

घरमालक रामचंद्रअण्णा गळ्यात टेप घालूनच दारात आले. "या, या. रातभर बस हललीया, कंबर गेली असंल. स्वल्प कॉफी घ्या आधी."

त्यांच्या पत्नी सुशीलाक्का, जुळाऱ्याची बहीण. त्यांनी पितळी वाटीत बसवलेल्या पेल्यातून कॉफी दिली. पेल्याला ओठ लावायचा नाही, वरून वाटीत ओतून थंड करायची. मनीषाने पेला थेट तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा पेला भरून, ओतून, फेसासकट तिच्या हातात दिला आणि विचारले, "कसली परीक्षा गं?"

"ताऱ्यांची, अक्का. संशोधन करायचं."

"म्हंजे आकाश बघायचं?"

"हो. तसंच."

"त्याचा पगार देतात?"

"विद्यावेतन देतात."

अक्कांनी थोडा विचार केला. "सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक. "आमच्या ह्यांना बघा, चाळीस वर्सं झाली, खाली मान घालून काज करतात. कुणीतरी वर बघाया पाहिजेच की."

या घरात मराठी फक्त घरापुरती आहे. दारात कन्नड, गिऱ्हाइकाशी तमिळ आणि उर्दूसुद्धा. माझे बोलणे ऐकून अक्का म्हणाल्या, "तुमची मराठी पेपरातली आहे. आमची सैपाकघरातली." जेवायला नाचणीचे उंडे होते. ते चावायचे नसतात, सारात बुडवून गिळायचे असतात. हे आम्हाला उशिरा सांगण्यात आले.

दुपारी आम्ही संस्था पाहून ठेवायला निघालो. बसचे क्रमांक पाटीवर कन्नड अंकांत होते. रामचंद्रअण्णांनी ते कागदावर काढून दिले होते. मात्र बंगळूरच्या बसमध्ये बायका पुढच्या दाराने चढतात आणि पुरुष मागच्या, हे सांगायचे ते विसरले. मी मागून चढलो, मनीषा पुढून. मधे पन्नास माणसे. मी उतरलो तेव्हा ती उतरली नव्हती. पुढच्या थांब्यावरून ती चालत परत आली आणि म्हणाली, "मामा, उद्यापासून तुम्ही हात वर करून उभे राहा."

संस्थेचे आवार जुने आहे. मोठे पर्जन्यवृक्ष, दगडी इमारत, मागे नवी तीन मजली. जूनमध्ये सांगलीत अजून घामाच्या धारा होत्या, इथे लोक अर्ध्या बाह्यांचे स्वेटर घालून फिरत होते. दुर्बीण कुठेही दिसली नाही. रखवालदाराला विचारले तर त्याने हिंदीत सांगितले, दुर्बिणी डोंगरावर असतात, इथे फक्त साहेब लोक असतात.

जिना, मंगळवार

चाळीसेक उमेदवार होते. जागा तीन. सकाळी लेखी परीक्षा झाली. तिच्याबद्दल मनीषा "बरी गेली" एवढेच म्हणाली. दुपारपासून रात्रीपर्यंत एकेकाचा प्रत्यक्ष प्रयोग होता. तो मी बाहेरच्या पालकांच्या बाकावरून उघड्या दारातून पाहिला.

नव्या इमारतीच्या जिन्याच्या मधल्या पोकळीत तिसऱ्या मजल्यावरून एक दोरा सोडला होता. टोकाला पितळी गोळा. उमेदवाराने दोऱ्याची लांबी मोजायची, गोळा थोडा बाजूला नेऊन सोडायचा, झोक्यांची वेळ घ्यायची आणि गुरुत्वत्वरण काढायचे. म्हणजे वरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला कितीने वाढतो ते. महाराष्ट्रात हा प्रयोग अकरावीपासून सगळे करतात. उत्तर पुस्तकात छापलेले असते : नऊशे एक्क्याऐंशी सेंटिमीटर.

मनीषाची पाळी चौथी. तिने लांबी दोनदा मोजली. एकदा जिना उतरून आणि एकदा चढून. वेळ पाच वेळा घेतली. जवळच्या टेबलाशी बसून गणित केले. मग पेन थांबले. ती काही वेळ लंबकाकडे पाहत राहिली, पुन्हा लिहू लागली आणि कागद देऊन बाहेर आली.

"झालं?"

"झालं. नऊशे एक्क्याऐंशी."

बाकावर माझ्या शेजारी हुबळीहून आलेले एक शिक्षक होते. त्यांचा मुलगा मागून आला. त्यांनी विचारले, किती? तो म्हणाला, नाइन एट्टी वन. शिक्षकांनी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली.

संस्थेत दुपारी साडेतीनला चहा असतो. झाडाखाली लांब टेबल मांडतात. संचालकांपासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळे उभ्याने चहा घेतात आणि कोणीही कोणालाही प्रश्न विचारतो. आमच्या कार्यालयात संपादकांचा चहा वेगळ्या कपात येतो. इथे संचालक रांगेत दोन मुलांच्या मागे उभे होते आणि पुढची मुले त्यांना वाट देत नव्हती.

तिथे शिरीष भेटला. अकोल्याचा, पीएच.डी.चे सहावे वर्ष. मराठी ऐकून स्वतःच आला. मी पुरवणीसाठी विचारतो आहे असे सांगितल्यावर म्हणाला, "लिहून घ्या मामाजी, पण घरच्यांना दाखवू नका बाप्पा, माझं लग्न मोडेल."

त्याने सांगितले ते असे. एम.एस्सी.नंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा संस्थांची स्वतःची परीक्षा. मग पीएच.डी., पाच वर्षे, बहुतेकांना सहा. मग परदेशात दोन वर्षांची तात्पुरती जागा. ती संपली की दुसऱ्या देशात दुसरी. मग कायम नोकरी, मिळाली तर.

"किती जणांना मिळते?"

"माझ्या वर्षी आम्ही चौघं आलो. एक अमेरिकेत आहे. एक बँकेच्या परीक्षेला बसला अन् पास झाला. एक इथल्याच सॉफ्टवेअर कंपनीत गेली. चौथा तुमच्यासमोर चहा पिऊन राहिला."

"तू काय करणार?"

"जर्मनीचं पाहून राहिलो. नाही जमलं तर कॉलेजात शिकवीन. अकोल्याला जागा निघते कधीमधी." त्याने बिस्किट चहात बुडवले. "पण हे नका लिहू की वाईट आहे. मी एका ताऱ्याकडे चार वर्षं पाहतो आहे. त्याचा उजेड कमीजास्त का होते हे मला कळलं, आधी कोणालेच माहीत नव्हतं. चार महिने फक्त मलेच माहीत होतं. मग छापून आलं."

मनीषा ऐकत होती. तिने विचारले, "चार महिने कोणालाच सांगितलं नाहीस?"

"गाइडला सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा मोज."

मुलाखत, बुधवार

मुलाखतीच्या खोलीत मी नव्हतो. पुढचे मनीषाने सांगितले तसे आहे. त्याच दिवशी मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकांनी मला जे सांगितले, त्याच्याशी ते जुळते.

खोलीत चार जण होते. सुरुवातीचे प्रश्न तिला आले. ताऱ्यांच्या वर्णपटाबद्दल, सूर्य जळतो म्हणजे काय होते याबद्दल. एका ठिकाणी अडली, तिने अडले म्हणून सांगितले, ते पुढच्या प्रश्नाकडे गेले. सातेक मिनिटे झाल्यावर पांढऱ्या दाढीचे एक प्राध्यापक तिचा प्रयोगाचा कागद समोर धरून म्हणाले, "नऊशे एक्क्याऐंशी. छान. पहिल्यांदा किती आलं होतं?"

मनीषा म्हणाली, "सर?"

"हे शेवटी आलं. पहिल्यांदा किती आलं?"

प्राध्यापक म्हणाले, "काल चाळीस मुलांनी तो लंबक हलवला. एकतीस जणांचं उत्तर नऊशे ऐंशी किंवा एक्क्याऐंशी आहे. पृथ्वी सगळ्यांना सारखीच ओढते, पण इतकी सारखी नाही."

तेव्हा मनीषाने सांगितले, नऊशे सत्त्याहत्तर.

"मग?"

"मग प्रत्येक वेळेतून एक खूण कमी केली."

खूण म्हणजे थांबघड्याळाच्या तबकडीवरची बारीक रेघ, सेकंदाचा पाचवा हिस्सा. त्यांनी विचारले, का? ती म्हणाली, "आमच्याकडे उत्तर जुळवतात. जुळलं नाही तर प्रॅक्टिकलला मार्क जातात. सर म्हणतात, परत कर. परत केलं तरी तेच येतं, मग जुळवतात."

प्राध्यापक म्हणाले, "बंगळूर समुद्रापासून उंच आहे आणि विषुववृत्ताला तुमच्या गावापेक्षा जवळ आहे. इथली खरी किंमत नऊशे अठ्ठ्याहत्तर."

मुलाखत तिथे संपली.

ती बाहेर आली ती सरळ फाटकापर्यंत चालत गेली. मी मागून गेलो. रस्त्यापलीकडे उभ्याने खायचे एक हॉटेल होते. तिथे आम्ही एक केसरी भात, म्हणजे केशरी शिरा, आणि दोघांत वाटून एक कॉफी घेतली. इथे एक कॉफी दोन पेल्यांत मागायची सर्रास पद्धत आहे, त्याला कोणी नाक मुरडत नाही. तिथे तिने हे सगळे सांगितले. केसरी भात तिने खाल्ला नाही.

"माझं बरोबर होतं, मामा," ती म्हणाली. "मी बरोबर मोजलं होतं."

संध्याकाळी चारला निकाल तोंडी सांगितला. तीन नावे वाचली. तिचे नव्हते. हुबळीच्या शिक्षकांच्या मुलाचेही नव्हते. आम्ही निघालो तेव्हा मुलाखतीच्या अध्यक्ष डॉ. वसंता राव झाडाखालून हाक मारत आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

"थांबा. मी मुंबईला सहा वर्षं होती. माझी मराठी भाजीवालीकडून शिकलेली आहे, चालेल ना?"

त्यांचे म्हणणे असे होते. डोंगरावरच्या वेधशाळेत निरीक्षण साहाय्यकाची एक वर्षाची तात्पुरती जागा आहे. काम एकच : दुर्बिणीवरून वाचने घ्यायची आणि जशी येतील तशी नोंदवायची. वर्ष संपल्यावर पीएच.डी.च्या मुलाखतीला पुन्हा बसता येईल, लेखी परीक्षा द्यावी लागणार नाही. निवडीची हमी नाही. उत्तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हवे, कारण दुसरा उमेदवार तयार आहे.

मनीषाने विचारले, "मी खोटं लिहिलं होतं, मॅडम. मग मला का?"

"एकतीस जणांनी लिहिलं. आम्ही सगळ्यांना विचारलं. एकोणतीस म्हणाले, पहिल्यांदाच एक्क्याऐंशी आलं." डॉ. राव म्हणाल्या. "म्हणून तुला प्रवेश नाही दिला. आणि म्हणून हे देते. दोन्ही समजून घे."

मी पुरवणीचा प्रश्न विचारला. स्कोप काय आहे?

"पालक मला नेहमी हेच विचारतात. तुम्ही नीट लिहा. संशोधकाच्या जागा थोड्या आहेत आणि लवकर वाढणार नाहीत. पण दुर्बिणी बनवायला माणसं लागतात. आरसे घासायला, इलेक्ट्रॉनिक्स करायला, संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला. ते इंजिनिअर इथं पीएच.डी.शिवाय आहेत आणि सुखी आहेत. उपग्रहाच्या कामात जातात. तारांगणात जातात. पुष्कळ जण शिकवतात. सगळ्यांना शास्त्रज्ञच व्हायचं असतं, हा त्रास आहे." मग मनीषाकडे वळून म्हणाल्या, "हिला काय व्हायचं आहे ते मला नाही माहीत. तुम्हाला आहे?"



व्हाइटफील्डच्या वाटेवर, गुरुवार

दाजींचा पुतण्या चिन्मय बंगळूरच्या पूर्वेला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तोही भौतिकशास्त्राचा एम.एस्सी., पुण्याचा. त्याने जेवायला बोलावले होते. बस के. आर. पुरमच्या रेल्वे फाटकात बराच वेळ अडकली. उजवीकडे द्राक्षाचे मळे, निलगिरीच्या रांगा, मधे एखाद्या जुन्या कौलारू बंगल्याचे आवार आणि अचानक मोकळ्या माळावर काँक्रीटचे उंच खांब. तिथे संगणक कंपन्यांसाठी मोठी वसाहत होणार असल्याचे कंडक्टरने सांगितले. खांबांखाली शेळ्या चरत होत्या.

चिन्मय तिघा मराठी मित्रांबरोबर एका नव्या फ्लॅटमध्ये राहतो. चार गाद्या, एक गॅस, एक संगणक. कुकर त्याने स्वतः लावला होता.

"मामा, फिजिक्सवाल्यांना आमच्याकडे जाम डिमांड आहे," तो म्हणाला. "इंजिनिअर कोड लिहितो, आपण कोड का चालत नाही ते शोधतो. तुम्ही तेच लिहा पुरवणीत. एम.एस्सी. फिजिक्स, स्कोप : सॉफ्टवेअर."

"आणि ज्याला तारे बघायचे आहेत त्याने?"

"त्यानं गच्चीवर जावं. ऑफिस सुटल्यावर."

मनीषा म्हणाली, "तू जातोस?"

"गेलो होतो एकदा. सिक्युरिटीनं खाली आणलं." सगळे हसले. मग तो म्हणाला, "मने, सिरियसली सांगतो. एक वर्ष टेंपररी, मग परत इंटरव्ह्यू, त्यात नाही झालं तर? पुण्याची जागा तोपर्यंत कोणी ठेवणार आहे का? इथं बघ, दोन वर्षांत मी अमेरिकेला जाऊन आलो. आता सगळे म्हणतात सर्जापूर रोडला प्लॉट घे. घेतो कशाला? नुसतं नाचणीचं शेत आहे."

"काम आवडतं तुला?"

"बँकेचा जुना प्रोग्रॅम आहे. त्यात साल दोनच आकड्यात लिहिलेलं आहे. दोन हजार साल आलं की तो मरणार. आम्ही तो मरू नये म्हणून बसलोय." त्याने वरण वाढले. "आवडतं. खोटं कशाला बोलू? सुटतं तेव्हा मजा येते. आणि संध्याकाळी सुटतं."

त्याने लंबकाची हकीकत ऐकली. ऐकून म्हणाला, "एकतीस? मी असतो तर बत्तीस झाले असते." मग थोड्या वेळाने, भात कालवत, "तू सांगायला नको होतंस. एकोणतीस जणांनी नाही सांगितलं."

"त्या एकोणतीस जणांनापण नाही घेतलं," मनीषा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. ती मागे येऊन माझ्या बाजूच्या सीटवर बसली. कंडक्टरने कन्नडमध्ये काहीतरी सुनावले, बहुधा पुढे बसा म्हणून. आम्ही न समजल्यासारखे केले. तिने विचारले, "मामा, तुमच्याकडे बातमीत आकडा चुकला तर काय करता?"

"दुसऱ्या दिवशी खुलासा छापतो."

"कुठं?"

"आतल्या पानावर. खाली."

"कोण वाचतं?"

"ज्याचा आकडा असतो तो वाचतो."

फाटक या वेळी उघडे होते.

टेलिफोन, शुक्रवार

सकाळी आम्ही कॉटनपेटच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. बूथ म्हणजे काचेचे एक खोके, दोघांना उभे राहण्यापुरती. मनीषाने बोलताना फोन कानापासून थोडा दूर धरला होता, त्यामुळे दाजींचे बोलणे मला ऐकू येत होते. निवड झाली नाही हे त्यांना बुधवारीच कळवले होते. वेधशाळेच्या जागेचे आणि लंबकाचे कळवलेले नव्हते. तिने दोन्ही सांगितले.

दाजी म्हणाले, "आपलं ठरलं होतं ना? नाही झालं तर पुणे."

"हो बाबा."

"मग?"

"मग विचारते आहे."

"टेंपररी म्हणजे टेंपररी. मी नऊ वर्षं सीझनल होतो कारखान्यात. दर वर्षी गाळप संपलं की घरी. तुझ्या आईला विचार." मग म्हणाले, "किती आलं होतं तुझं पहिल्यांदा?"

"सत्त्याहत्तर."

"आणि खरं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग कशाला बदललंस?"

मनीषा म्हणाली, "पुस्तकात एक्क्याऐंशी आहे."

दाजींच्या मागे कारखान्याच्या वसाहतीतल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ते म्हणाले, "आमच्याकडे साखरेच्या उताऱ्याचा आकडा संध्याकाळी वरून येतो. सकाळी मी काढतो तो, आणि संध्याकाळी येतो तो. बावीस वर्षं मी दोन्ही बघतो." आणि लगेच विचारले, "डोंगरावर जेवणाची सोय काय आहे?"

"मेस आहे म्हणतात."

"थंडी असेल."

"असेल."

"हे बघ, मी हो म्हणणार नाही. आणि नाही पण म्हणणार नाही. तिथं तू उभी आहेस, मी नाही. पण पुण्याच्या कंपनीला जे काय सांगायचं ते तू सांगायचं. माझ्याकडून फोन जाणार नाही."

"बरं."

"मामाला दे."

मी फोन घेतला. दाजी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, मला जे माहीत आहे ते सांगतो. आणि शिरीषने, डॉ. रावांनी आणि चिन्मयने सांगितलेले त्याच क्रमाने सांगितले. दाजी म्हणाले, "हे पेपरात लिहा. मी विचारलं वाटतं काय."

"वाटतं ते मी तिला सांगितलेलं नाही," मी म्हणालो. "तुम्हालाही नको."

ते हसले. "सरळ उत्तर द्यायचं नाही, हे तुमच्या घरातच आहे. तुमच्या बहिणीला सांगतो मी."

त्यानंतर मनीषाने त्याच बूथवरून पुण्याला फोन लावला. सुरुवातीला ती उभी होती, मग स्टुलावर बसली. तिकडच्या बाईंनी तिला दोनदा विचारले, नक्की का? ती दोनदा हो म्हणाली. तिकडून आभार मानण्यात आले.

साडेअकराला आम्ही संस्थेत पोहोचलो. डॉ. राव वर्गावर होत्या. त्यांच्या खोलीबाहेर मनीषा उभी राहिली. बारा वाजायला थोडा वेळ असताना त्या हातांना खडू लागलेल्या अवस्थेत आल्या. तिने हो सांगितले. त्या म्हणाल्या, "स्वेटर आण. आणि थांबघड्याळ आणू नको, आमच्याकडे आहे."

जिन्यात दोरा काढून घेतलेला होता. पितळी गोळा खालच्या पायरीवर ठेवलेला होता आणि शिपाई शिडी उचलून नेत होता.

संध्याकाळी सुशीलाक्कांनी पुरणाची होळगी केली होती. आपल्या पोळीपेक्षा पातळ आणि तेलावर भाजलेली. रामचंद्रअण्णांनी मनीषाला निळ्या कापडाचा एक जाड कोट दाखवला. कुठल्या तरी कारखान्याच्या रखवालदारासाठी शिवलेला, गिऱ्हाइकाने न नेलेला. "घाल, घाल. बाह्या स्वल्प लांब हाईत. डोंगरावर कोण बघतंय?" तिने घातला. अक्का म्हणाल्या, "अय्यो, पोलीस दिसतीस," आणि कोट काढू दिला नाही.

शनिवारी आम्ही सांगलीला परत आलो.

पुरवणी पुढच्या आठवड्यात निघाली. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राला या वर्षी अर्धे पान मिळाले. डॉ. रावांचे म्हणणे पूर्ण छापले. शिरीषचे नाव न घालता त्याचे म्हणणे छापले. चिन्मयचेही छापले. लंबकाबद्दल काही छापले नाही. चौकशीची सतरा पत्रे आली, त्यातली बहुतेक सॉफ्टवेअरबद्दल होती.

मनीषाचा एम.एस्सी.चा निकाल जूनअखेर लागला. ती पहिल्या वर्गात आली. एक जुलैला ती पुण्याला हजर झाली नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दाजींनी कारखान्यातून रजा काढली आणि तिला वेधशाळेपर्यंत सोडायला गेले. त्यांनी मेसचे जेवण जेवून पाहिले, खोलीच्या खिडकीची कडी बदलून घेतली आणि दोन दिवस राहिले. रविवारी सकाळी ते सांगलीच्या स्टँडवर उतरले. मी घ्यायला गेलो होतो. ते एकटेच होते.